खांडसच्या वाटा : गणेश घाट, शिडी घाट आणि भोवतालचं रान

डोंगरयात्री

भीमाशंकरला चालत जायचं म्हटलं की खांडसचं नाव निघतंच. पहाटेची लोकल, नेरळ किंवा कर्जतला उतरून टमटम, कशेळ्यावरून खांडस, तिथे एक चहा आणि लगेच घाटाला सुरुवात. दुपारी देवदर्शन, संध्याकाळी एसटीने पुणे. इथल्या बहुतेकांनी खांडस असंच पाहिलं असेल. हा धागा काढतोय तो एवढंच सांगायला, की खांडस हे नुसतं गाडीतून उतरायचं ठिकाण नाही. त्या गावाभोवती दोन-तीन दिवस पुरेल इतकं चालणं आहे. शिवाय तिथे मुक्काम केला की घाट चढायला सकाळचा सगळा वेळ हातात राहतो. घाटवाटांवर होणारे निम्मे घोटाळे उशिरा निघाल्याने होतात असं माझं ठाम मत आहे.

आधी भूगोल. कर्जत तालुक्याचं हे पूर्वेकडचं टोक. कशेळं सोडलं की समोरची भिंत जवळ यायला लागते. खांडस तसं सखलच, आणि वर भीमाशंकर समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटरवर. पण ही चढण एका दमात नाही. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. टणक थराचा उभा कडा होतो, त्याखालचा मऊ थर झिजून त्याची सपाटी होते. खांडसच्या वर मधोमध अशीच एक रुंद सपाटी आहे, तिला पदर म्हणतात. पदरवाडी तिथेच, आणि पदरगडही त्याच अंगाला. म्हणजे चढायचे टप्पे दोन : गाव ते पदर, आणि पदर ते माथा. गणेश घाट आणि शिडी घाट या दोन वाटा फक्त पहिल्या टप्प्यापुरत्या वेगळ्या आहेत. पदरावर त्या एकत्र येतात, वरचा टप्पा सगळ्यांना सारखाच.

गावातून डांबरी रस्त्याने थोडं चाललं की पूल लागतो. तिथे डावीकडे शिडी घाट, उजवीकडे गणेश घाट. दोन्हीकडे पाट्या, बाण वगैरे आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. गावात विचारून घ्या.

गणेश घाट लांबचा पण माणसाळलेला. वाटेत गणपतीचं देऊळ आहे, त्यावरून नाव पडलं. तिथवर दम लागतो, पुढे वाट पदरगडाच्या कुशीतून वळसा घेत रानात शिरते. वाट रुंद, पाय ठेवायला जागा भरपूर, घसरलात तरी दरीत जायची भीती बहुतेक ठिकाणी नाही. सवय असलेल्याला खांडस ते माथा चार-पाच तास धरावेत, नवख्यांचा गट असेल तर सहा.

शिडी घाट जवळचा आणि उभा. नाल्याच्या अंगाने चढत जाऊन कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या लागतात. शिड्यांपेक्षा अवघड जागा मला त्यांच्यामधला आडवा टप्पा वाटतो. कातळाला बिलगून सरकायचं, पाठीमागे मोकळी दरी. कोरड्या दिवसांत, हलकी पाठपिशवी आणि डोकं शांत असेल तर ती वाट सुंदर आहे. भर पावसात तिथे जाऊ नये. ‘जपून जावं’ नव्हे, जाऊ नये.

दरवर्षी जुलैत इथे कोणीतरी विचारतं, “शिडी घाट केलाय का कोणी, फोटो भारी येतात का?” म्हणून आधीच लिहून ठेवलं. खांडसच्या आसपासचं तुम्हाला जे माहीत असेल ते इथे लिहा. गावातलं कोणी वाचत असेल तर त्यांनी तर जरूर लिहावं.

अमेय_डोंबिवली

छान धागा. पण पावसातल्या शिडी घाटाबद्दल असहमत. दर रविवारी किती गट जातात बघा. दोर आणि अनुभवी लीडर असेल तर काय हरकत आहे? आम्ही भर पावसात केलाय, सगळे सुखरूप आलो. अशाने ट्रेकिंगमधला थरारच संपेल.

कातळवेडा

अमेय, दोर नेणं चांगलंच. पण तो कुठे आणि कसा बांधणार हे ठरलेलं नसेल तर दोराने धोका वाढतो. मी प्रस्तरारोहण करतो आणि नवीन मुलांना शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पावसात त्या घाटात चार गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिली, कातळावर शेवाळ. ओला बसाल्ट एक वेळ धरता येतो, शेवाळलेला नाही, आणि वरून बघून दोन्ही सारखेच काळे दिसतात. दुसरी, शिडी पाण्याच्या वाटेतच आहे. खाली उभे असताना पावलं बुडतील एवढं पाणी असतं, तेच अर्ध्या तासात डोक्यावर कोसळायला लागतं, कारण पाऊस तुमच्या डोक्यावर नाही, वर माथ्यावर पडत असतो. तिसरी, रांग. शिडीवर एका वेळी एकच माणूस चढणार. मागे पन्नास जण असतील तर शेवटचा माणूस ओल्या कपड्यांत तासभर थंडीत उभा. हातपाय कडक झालेल्या अवस्थेत तो शिडीला हात घालतो, आणि नेमका तोच घाबरतो. चौथी, वरच्यांच्या पायाने सुटणारे दगड. नाल्याच्या घळीत ते थेट खालच्या रांगेवर येतात.

यातलं कोणतंही एक असेल तर अनुभवी लीडर सांभाळून नेईल. चारही एकत्र आले की त्याच्या हातात काही राहत नाही. तुम्ही सुखरूप आलात याचा आनंदच आहे. पण सुखरूप येणं म्हणजे वाट सुरक्षित असल्याचा पुरावा नाही.

आणि शिडी घाटाने उतरू तर कधीच नका, कोरडा असला तरी. उतरताना पुढची पायरी दिसत नाही, थकलेले पाय आणि संध्याकाळची घाई यांची भर पडते. वर शिडी घाटाने, खाली गणेश घाटाने, हाच क्रम.

कशेळेकर

नमस्कार मंडळी. मी नोकरीमुळे बदलापुरात असतो, पण घर तिकडचंच, मामाचं गाव खांडसच्या बाजूची वाडी. डोंगरयात्री दादा, गावाबद्दल कोणीतरी लिहिलं याचं बरं वाटलं.

या वाटा ट्रेकिंगसाठी नाहीत केल्या कोणी. माझी आजी सांगायची, वरची माणसं हिरडा घेऊन खाली उतरायची आणि जाताना मीठ, सुकी मासळी डोक्यावर घेऊन चढायची. लग्नसंबंधही घाटाच्या वर-खाली आहेत. पदरवाडीच्या लोकांना बाजारहाट, दवाखाना सगळ्याला अजूनही हीच वाट. तुम्ही जिथे बसून फोटो काढता तिथून कोणीतरी आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणलेलं असतं. म्हणून वाटेवर बाटल्या फोडू नका. अनवाणी चालणारी माणसं आहेत.

श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र. या दिवसांत गणेश घाटाने भाविकांची रांग लागते. म्हातारी माणसं, कडेवर मूल घेतलेल्या बाया, सगळे रात्रीच निघतात. गावातले लोक जागोजाग चहा, काकडी, लिंबू सरबत घेऊन बसतात. गर्दीचा त्रास नसेल तर एकदा महाशिवरात्रीला चालून बघा. पावसाची भीती नाही, वाट चुकायची भीती नाही, आणि हा घाट खरा कोणाचा आहे ते कळतं.

वाट चुकण्याबद्दल. पावसाळा संपला की गवत पुरुषभर वाढतं आणि गुरांच्या वाटा माणसांच्या वाटेपेक्षा ठळक दिसतात. गुरांची वाट चराईला जाते, देवळाला नाही. ऑक्टोबरमध्ये चुकणारे बहुतेक असेच चुकतात. खूण सांगतो : वाटेवरचे दगड झिजून गुळगुळीत झालेले असतील तर ती जुनी वाट. नुसती माती तुडवलेली असेल आणि वाट सारखी फुटत असेल तर ती गुरांची. दहा मिनिटं चालून गुळगुळीत दगड दिसला नाही तर शेवटच्या ओळखीच्या जागी परत या. पुढे रेटू नका.

आणि वाटाड्या घ्या. दर आधीच ठरवा, घासाघीस करू नका. तो माणूस त्या दिवशीचं शेतावरचं काम सोडून तुमच्याबरोबर येतो.

मृण्मयी

खूप उपयुक्त धागा. आम्ही पाच मैत्रिणी, वय पंचेचाळीसच्या आसपास, आणि बरोबर माझा अकरा वर्षांचा मुलगा. डोंगराची सवय म्हणजे सिंहगड आणि एकदा कळसूबाई. हिवाळ्यात यायचा विचार आहे. गणेश घाट झेपेल का? राहायची सोय कशी असते, आणि शौचालय वगैरे? हे प्रश्न क्षुल्लक वाटतील, पण आमचं येणं त्यावरच ठरतं.

डोंगरयात्री

ताई, प्रश्न अजिबात क्षुल्लक नाहीत. बायकांनी हे प्रश्न विचारायचे नाहीत असा जो एक अलिखित रिवाज आहे, त्यामुळेच अनेकजणी दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग चढणीवर चक्कर येते. पाणी पोटभर प्या. घाटात कुठेही बांधलेली सोय नाही, गावातून निघताना आणि थेट माथ्यावर, एवढंच. मधल्या रानात आडोसा भरपूर आहे. कागद, पॅड जे असेल ते पिशवीत बंद करून परत आणायचं, पुरायचं नाही, रानडुकरं उकरतात.

कळसूबाई केलंय तर गणेश घाट नक्की झेपेल. पण पहिल्याच खेपेला मुलाला घेऊन थेट भीमाशंकर करण्यापेक्षा आदल्या दिवशी कोथळीगड करा. त्याबद्दल खाली कोणी लिहिलं नाही तर मीच लिहीन. राहण्याचं कशेळेकर सांगतील.

कशेळेकर

ताई, गावात घरगुती राहणं-जेवण होतं, आधी फोन करून यायचं. ओटीवर किंवा वेगळ्या खोलीत सोय करतात, संडास आहेत. तांदळाची भाकरी, पिठलं, एखादी भाजी. नंबर इथे जाहीर लिहीत नाही, तुम्ही मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी घरी विचारून सांगतो. मंदिरात किंवा शाळेच्या व्हरांड्यात न विचारता पथारी टाकणारे गट येतात, गावाला ते आवडत नाही.

पेठकर_नाही_पण

कोथळीगडाबद्दल मी लिहितो, माझा जीव आहे त्या किल्ल्यावर.

कशेळ्याहून जामरुखच्या रस्त्याला आंबिवली लागतं, तिथून चढायचं. वर पठारावर पेठ नावाचं गाव, म्हणून लोक पेठचा किल्लाच म्हणतात. आंबिवली ते पेठ दीड-दोन तास, रुंद वाट, मुलांना अगदी सोपी. पेठेतून वर बघितलं की पठारावर उभा सुळका, तोच किल्ला. त्याच्या पोटात भैरोबाची गुहा आहे, कोरीव खांबांची, पन्नासेक माणसं सहज बसतील अशी. आणि त्यापुढची गोष्ट महाराष्ट्रात फार कमी ठिकाणी बघायला मिळते : सुळक्याच्या आतून, अखंड कातळात कोरून काढलेला जिना. अंधार्‍या, गार जिन्यातून चढत चढत एकदम माथ्यावरच्या उन्हात निघतो आपण. पायर्‍या उंच आहेत, मुलाला पुढे ठेवा आणि मागून हात द्या.

वरून भीमाशंकरच्या दिशेला बघायचं. भीमाशंकरची सगळी भिंत एका नजरेत येते, पदराची सपाटी दिसते, पदरगड ओळखता येतो. दुसर्‍या दिवशी कुठून चढणार आहोत ते आदल्या दिवशी असं समोर दिसणं, याला तोड नाही. नकाशा वाचायला शिकवायचं असेल तर मुलांना इथे न्यावं.

किल्ला दिसतो छोटा, पण संभाजी महाराजांच्या काळात त्यासाठी मोठी झुंज झाली. १६८४ मध्ये तो मोगलांनी घेतला, आणि तो परत मिळवायचे मराठ्यांचे प्रयत्न बराच काळ चालले. या भिंतीतून वर जाणार्‍या घाटवाटांवर नजर ठेवायची तर ही जागा हातात हवी, हे माथ्यावर उभं राहिलं की कोणालाही कळेल.

पायथ्याला आंबिवलीजवळ नदीकाठी कोरीव लेणंही आहे. रस्त्यालगतच आहे तरी बहुतेक लोक पुढे निघून जातात. अर्धा तास काढा.

विजयकाका_ठाणे

वाचून फार बरं वाटलं. कोथळीगड आला तसा सिद्धगडाचाही उल्लेख व्हावा. खांडसच्या उत्तरेला, मुरबाड तालुक्यात, याच डोंगररांगेत तो आहे. तिथे जाणार्‍या प्रत्येकाने पायथ्याच्या स्मारकापाशी थांबावं. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, मूळचे माथेरानचे, वकील झालेले. १९४२ च्या चळवळीत त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. सरकार मागे लागल्यावर त्यांना याच रानाने आसरा दिला. २ जानेवारी १९४३ ला पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी वेढलं, त्यात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी पंचक्रोशीतली माणसं तिथे जमतात.

मी तरुणपणी सिद्धगड चढलो तेव्हा वाटाड्या म्हातारबांनी हे सगळं जागा दाखवत दाखवत सांगितलं होतं. तेव्हापासून या रानात शिरताना माझ्या मनात त्या माणसांना भाकरी पोचवणारी घरं येतात. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

हिरडा

मी वनस्पतींचा अभ्यास करते, भीमाशंकरच्या रानात बरीच हिंडले आहे. पदर ते माथा हा जो दुसरा टप्पा सगळे “आता उरलं दीड तास” म्हणत घाईने उरकतात, त्याच्यासाठी हा प्रतिसाद.

खालचं रान पानगळीचं. साग, ऐन, पळस. मार्चमध्ये ते उघडं पडतं. पदर ओलांडून वर जाल तशी हवा गार होते, झाडं बदलतात. जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा. वर्षभर हिरवं राहणारं दाट रान सुरू होतं, आणि दुपारी बाराला तिथे सावली असते. हा बदल तुम्ही स्वतःच्या पायांनी तासाभरात ओलांडता. गाडीने मंचरकडून येणार्‍याला हे कधीच दिसत नाही.

शेकरू इथलाच. आपला राज्यप्राणी, आणि भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं त्यात त्याचं मोठं कारण आहे. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. फांदीवरून फांदीवर जातो, म्हणून त्याला वर जोडलेलं रान लागतं. मधे दहा-बारा झाडं तुटली तरी त्याचा रस्ता बंद होतो. बघायचा असेल तर चालू नका, थांबा. सकाळी लवकर, पाच मिनिटं न बोलता उभं राहा. आधी आवाज येतो, खडखडल्यासारखा, मग तांबूस शेपूट दिसते. उंचावर पानाकाटक्यांचे मोठे गोळे दिसले तर ती त्याची घरटी. एकाच शेकरूची अनेक असतात.

पावसाळ्यात या रानात कुजक्या काटक्यांवर रात्री उजेड देणारी बुरशी येते. अंधाराला डोळे सरावले की फिकट हिरवा प्रकाश दिसतो. पाऊस सुरू होण्याआधी, मेअखेर-जूनच्या सुरुवातीला, काजवे. दोन्हीसाठी एकच विनंती : बॅटर्‍या मारू नका. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे त्यांची जोडीदाराला दिलेली हाक. तुमच्या उजेडात ती हाक पोचत नाही, आणि प्रौढ काजव्याकडे दिवस थोडेच असतात. दोन वर्षांपूर्वी एका गटाने स्पीकरवर गाणी लावून काजवे बघितलेले मी पाहिले. मला त्या रात्री झोप आली नाही.

रात्री अभयारण्यात परवानगीशिवाय थांबता येत नाही हेही लक्षात घ्या. खालच्या गावांच्या शिवारात काजवे तितकेच दिसतात.

अमेय_डोंबिवली

@कातळवेडा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. रांगेचा आणि वरच्या पावसाचा मुद्दा मी धरलाच नव्हता. मग पावसात खांडसला येऊच नये का? धुकं, धबधबे, हे सगळं त्याच दिवसांत असतं.

कातळवेडा

यावं की! गणेश घाटाने यावं. धबधबे त्या वाटेवरूनही दिसतात, समोरच्या भिंतीवर ओळीने. फक्त जोराचा पाऊस लागून असेल तर ओढे ओलांडताना गुडघ्याच्या वर पाणी गेलं की थांबायचं. पाणी ओसरायची वाट बघायची किंवा मागे फिरायचं. सह्याद्रीतले ओढे भरतात तितक्याच लवकर ओसरतात, तासभर थांबल्याने काही बिघडत नाही.

आणि पावसाळ्यात कर्जत तालुक्यात धबधबे, धरणं अशा ठिकाणी प्रशासन बंदीचे आदेश काढतं. निघण्याआधी चौकशी करा. नसेल कळत तर गावच्या पोलीस पाटलांना विचारा, त्यांना नक्की माहीत असतं. बंदी मोडून गेलात आणि काही झालं तर बाहेरून मदत येईपर्यंत तुम्हाला उचलायला हीच गावातली पोरं पावसात धावतात.

सह्यवाट_पुणे

पुणेकरांच्या बाजूने थोडं. आम्ही उलटं करतो : पहाटे भीमाशंकरला एसटीने, आणि गणेश घाटाने खांडसला उतरायचं. चढ नाही म्हणून लोक याला सोपं समजतात. गुडघ्यांना विचारा! जवळजवळ नऊशे मीटर सलग उतार आहे, काठी हवीच. माथ्यावरून वाट नेमकी कुठे सुटते ते देवळाजवळच्या दुकानदारांना विचारून घ्या. सुरुवातीच्या दाट रानात फाटे आहेत, एकदा पदरावर पोचलात की चिंता नाही. दुपारी बाराच्या आत माथा सोडलाच पाहिजे. हिवाळ्यात पश्चिमेला ऊन उशिरापर्यंत असतं असं वाटतं, पण रानाच्या आत अंधार लवकर पडतो.

देवळात गेलात तर घंटा जरूर बघा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिकडच्या चर्चच्या घंटा आणून देवळांना दिल्या, त्यातली एक इथे आहे.

ज्यांना ना चढ हवा ना उतार, त्यांनी भीमाशंकर ते भोरगिरी करावं. गुप्त भीमाशंकरवरून, भीमेच्या सोबतीने, रानातून दोन-तीन तासांची चाल. भोरगिरीला कोटेश्वराचं देऊळ, वर लेणी, आणि राजगुरुनगरला जाणारी एसटी. खांडसहून चढून माथ्यावर मुक्काम, दुसर्‍या दिवशी भोरगिरी : कोकणातून देशावर चालत गेल्याचं समाधान यात मिळतं. माझ्या मते या सगळ्या भागातली सर्वांत चांगली दोन दिवसांची वाट हीच.

नवखा_गिर्यारोही

पदरगडाबद्दल कोणी सांगेल का? गणेश घाटातून जाताना दिसतो, वर जाता येतं का?

कातळवेडा

जाता येतं, पण तो ट्रेक नाही, आरोहण आहे. एका चिरेत पाठ आणि पाय टेकवून चिमणी पद्धतीने चढायचा टप्पा आहे, आणि खरी परीक्षा उतरताना. दोर, हेल्मेट, आणि बांधणारा जाणकार माणूस हवा. तुंगी गावाच्या बाजूनेही पायथ्याला पोचता येतं. नवख्याने त्याच्या कुशीतून जाणार्‍या वाटेवर समाधान मानावं. गणेश घाटावर लक्ष ठेवणारी ही चौकी होती, ती खालूनही समजते.

कशेळेकर

दोन-तीन गोष्टी राहिल्या.

पाणी : पदराजवळ विहीर आहे, पण उन्हाळ्यात तिच्या भरवशावर येऊ नका. फेब्रुवारीनंतर माणशी तीन लिटर घरून आणा. वाडीतल्या बायका हंड्याने पाणी वाहतात त्या दिवसांत. त्यांच्याकडे बाटल्या भरून मागणं बरोबर नाही. एक तांब्या प्यायला मागितलात तर कोणी नाही म्हणणार नाही.

वणवा : शिमग्याच्या पुढे सगळं रान वाळलेलं असतं. चूल पेटवू नका, बिडी-सिगारेट तर नकोच.

साप : फुरसं दगडाखाली असतं, चापडा हिरवा, झुडपात हाताच्या उंचीवर. न बघता कुठेही हात घालू नका. चावलंच तर बांधाबांध, कापाकापी करू नका. माणसाला स्थिर ठेवून खाली आणा आणि १०८ लावा.

खाणं : जूनच्या पहिल्या पावसात आलात तर कशेळ्याच्या बाजारात ठाकर बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसलेल्या असतात, बरोबर काकडं, म्हणजे आंबट रानफळं, देतात. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, काकडं त्याच्यासाठी. कशी करायची ते त्यांनाच विचारा, मनापासून सांगतात. पुढे टाकळा, भारंगी, करटोली. मे महिन्यात करवंदं, जांभळं. शहरात दामदुप्पट देऊन घेता त्यापेक्षा इथे त्यांच्या हातून घ्या.

मृण्मयी

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवतेय : डिसेंबरात शनिवारी सकाळी आंबिवली, कोथळीगड, लेणं. रात्री खांडसला मुक्काम. रविवारी उजाडता वाटाड्याबरोबर गणेश घाट, आणि माथ्यावरून एसटीने परत. मुलगा पदरावर थकला तर तिथूनच मागे फिरायचं. बरोबर आहे का? कशेळेकर दादा, व्यनि केलाय.

डोंगरयात्री

अगदी बरोबर. मागे फिरायची जागा आधी ठरवलीत हे सगळ्यात आवडलं. सकाळी दहापर्यंत पदरावर नसाल तर मुलगा थकलेला नसला तरी परत या, म्हणजे घाई होणार नाही.

कशेळेकर

ताई, व्यनि मिळाला. मामीशी बोललो, सहा माणसांचं जेवण-राहणं होईल. वाटाड्या म्हणून मामेभाऊ येईल. आंबिवलीहून खांडसला यायला थेट गाडी धरून चालू नका, कशेळ्याला येऊन टमटम करा, आणि अंधार पडायच्या आत कशेळं सोडा. भीमाशंकरहून शेवटची एसटी किती वाजता ते आदल्या दिवशी आगारात फोन करून विचारा, वेळा बदलत असतात. मुलगा भाकरी खातो ना? नसेल तर मामी भात करेल.

मृण्मयी

खातो, दादा. पिठलं जरा कमी तिखट करायला सांगा.